आबासाहेबांच्या वाटीतले छर्रे

तिसऱ्या तितराची पिसं काढून झाली तरी छर्रा सापडेना, तेव्हा मला घाम फुटला.

समोर परात, परातीत सहा तितर, उजव्या हाताशी दाभण, डाव्या हाताशी पायातला काटा काढायचा चिमटा आणि मधोमध चांदीची वाटी. वाटी मीच सकाळी चिंचेनं लखलखीत घासली होती. ती अजून रिकामीच होती. नऊ वाजून गेले होते. बारा वाजता रावसाहेब काटकर पाटावर बसणार, आणि तोवर त्या वाटीत छर्रे पडले नाहीत तर आमच्या घरातली बंदूक रावसाहेबांच्या घरी जाणार होती.

बंदूक का जाणार ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई एवढी घाबरली कशाला.

माझे सासरे आबासाहेब खराडे आणि रावसाहेब काटकर हे एकमेकांचे साडू. माण तालुक्यातल्या दोन गावांत, आठ मैलांच्या अंतरावर, दोन सख्ख्या बहिणी दिलेल्या. साडूंमध्ये जे चालतं ते सगळं या दोघांत चाळीस वर्षं चाललं होतं. कुणाचा बैल जास्त चालतो, कुणाच्या विहिरीला पाणी जास्त, कुणाची बायको पुरणपोळी पातळ लाटते. दोन्ही बायका एकाच आईच्या हाताखाली शिकलेल्या, त्यामुळं त्यातही निकाल लागत नव्हता. शेवटी तरुणपणी कधीतरी दोघांनी एका लग्नाच्या मांडवात पैज लावली. दर साली संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी एकानं दुसऱ्याला जेवायला घालायचं, एक साल इकडं, एक साल तिकडं. पानात वाढायचं ते त्याच सकाळी यजमानानं आपल्या हातानं मारलेलं. आणि पुरावा म्हणून मांसातून काढलेले छर्रे चांदीच्या वाटीत घालून पानाशेजारी ठेवायचे. ज्याची वाटी रिकामी निघेल त्यानं आपली बंदूक काढून दुसऱ्याच्या हातात द्यायची.

ही चेष्टा नव्हती. पाहुणा दर साली खांद्याला रिकामी गवसणी अडकवूनच यायचा, न जाणो बंदूक मिळालीच तर न्यायला बरी म्हणून. आणि आमच्या मामंजींची बंदूक त्यांच्या वडिलांची होती. दर शनिवारी ते तिला तेल द्यायचे आणि देताना तिच्याशी पुटपुटत काहीतरी बोलायचे. पोटच्या मुलाशीही ते इतक्या हळू आवाजात कधी बोललेले मी ऐकले नाहीत. ती गेली असती तर म्हाताऱ्यानं अंथरूण धरलं असतं, यात घरातल्या कुणालाच शंका नव्हती.

गोष्ट एकोणीसशे चौसष्टची. तेव्हा परवाना काढून तितर मारता यायचे. आज कुणी नुसता नेम धरला तरी तुरुंगाची हवा खाईल. माझ्या लग्नाला आठ महिने झाले होते. वडील साताऱ्याला पोस्टमास्तर, घरात बुधवारी आणि रविवारी बाजारातलं मटण, यापलीकडं माझा मांसाशी परिचय नव्हता. आमचे हे कऱ्हाडला नोकरीला होते आणि त्या रविवारी नेमके आले नव्हते. आले असते तरी उपयोग नव्हता म्हणा. वडिलांसमोर ते पाणीसुद्धा विचारून प्यायचे.

छर्रे काढायचं काम आत्याबाईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं. ते त्या दुसऱ्या कुणाला करू देत नसत. माजघराचं दार लावून, आतून कडी घालून एकट्या बसायच्या आणि तासाभरानं वाटी भरून बाहेर यायच्या. गावात कौतुक होतं की खराड्यांच्या घरात पाहुण्याचा दात कधी पडला नाही. पण त्या साली पैजेच्या चार दिवस आधी आत्याबाई विहिरीच्या पायरीवरून घसरल्या. उजवं मनगट सुजून भोपळा झालं. त्याच्यावर रक्त्याबोळाचा लेप, लेपावर फडकं, आणि चेहऱ्यावर माझ्याविषयीची काळजी, अशा त्या सकाळी माझ्यासमोर येऊन बसल्या आणि त्यांनी मला धडा दिला.

"पिसं काढताना घाई करायची नाही," त्या म्हणाल्या. "छर्रा आत जाताना पिसाचा तुकडा बरोबर घेऊन जातो. मांसात कुठं काळी रेघ दिसली की ते पीस. हळूच धरून ओढायचं, बहुतेकदा छर्रा मागनं येतो. नाही आला तर बोटानं चाचपायचं. जिथं निळं पडलंय तिथं दाभण घालायचं. हाडाला लागला असला तर हाडाची कपची निघते, तीही काढायची, ती छर्ऱ्यापेक्षा वाईट. कळलं?"

मी मान हलवली.

"एखादा आत राहतोच. राहू दे. रावसाहेब म्हणतात, पाहुण्याच्या दाताखाली एक आला की शिकार खरी." मग त्यांनी आवाज उतरवला. "आणि शालन, या घरातनं वाटी कधी रिकामी गेली नाही. आज जायची नाही. नाही सापडलं काही तर मला विचारायला येऊ नकोस. तुझ्या बापानं तुला मॅट्रिक केलंय."

एवढं बोलून त्या उठल्या आणि बाहेर जाऊन जात्याशेजारी पाठ करून बसल्या. मला राग आला. हात दुखतोय म्हणून माणूस इतकं तुटक बोलतं का, असं वाटलं.

आता तीन तितर पिसं काढून परातीत गुळगुळीत पडले होते. काळी रेघ नाही, निळा डाग नाही, कातडीला सुईच्या टोकाएवढं भोक नाही. मी चौथा घेतला. त्याची पिसं काढताना दाभणाचं कामच पडलं नाही. पाचवा, सहावा. प्रत्येकाला उजेडाकडं धरून पाहिलं, पोटाखाली, पंखाखाली, मांडीच्या आत. काही नाही. उलट प्रत्येकाच्या पायाला गुडघ्याच्या वर एक बारीक वळ होता, सुतळी करकचून बांधल्यावर उठतो तसा. आणि मान तर हातात धरली की कापसाच्या वातीसारखी कुठंही वळत होती.

मॅट्रिक झाल्याचा तेवढा उपयोग झाला. हे तितर बंदुकीनं मेलेलेच नव्हते. कुणीतरी फासे लावून ते जिवंत धरले होते, पाय बांधून आणले होते आणि मान मुरगाळून मामंजींच्या झोळीत टाकले होते.

पहाटे आम्ही सगळ्यांनी माळावर चार बार ऐकले होते. गडी म्हणाला होता, चार बारांत सहा, वा. मी स्वतः ओसरीवर उभी राहून मामंजी मिशीवरनं हात फिरवत येताना पाहिले होते. आता ते चार बार कुठल्या दिशेला आणि कशावर झाले असतील याचा विचार करत मी परातीपुढं बसले. मामंजी खोटं बोलत होते. चांदीची वाटी घेऊन हे त्यांना सांगायला जाणार कोण? आठ महिन्यांची सून? "मामंजी, तुमच्या तितरात छर्रे नाहीत," असं म्हणून? त्यापेक्षा विहीर जवळ होती.

आत्याबाईंकडं जावं तर त्यांनी येऊ नकोस म्हणून सांगितलेलं. तरी मी दारापर्यंत गेले. त्यांची पाठ दिसली. पाठीवरूनही कळत होतं की त्यांना कुणी हाक मारलेली चालणार नाही. मी परत फिरले.

आता माझ्यापुढं एकच रस्ता होता. तितरात छर्रे नसले तर छर्ऱ्यांनीच तिथं यायला हवं होतं.

मामंजींची काडतुसं त्यांच्या खोलीतल्या भिंतीतल्या कपाटात असायची. त्याला कुलूप नव्हतं, कारण त्या घरात मामंजींच्या कपाटाला हात लावेल असं कुणी जन्मलं नव्हतं. मी ओसरीवर डोकावले. मामंजी वेशीकडं तोंड करून उभे होते, रावसाहेबांची जीप येते का बघत. माझी चाहूल लागताच वळले आणि तीन हातांवरनं म्हणाले, "कोण ते? पाणी आण गं जरा." मला वाटलं स्वयंपाकीणबाई समजले असतील. मी पाणी दिलं. त्यांनी तांब्याकडं हात केला तो तांब्याच्या अंमळ बाजूला गेला. माझं लक्ष त्यांच्या हाताकडं नव्हतं, कपाटाकडं होतं, म्हणून मी त्याचा काही अर्थ लावला नाही.

कपाटात दोन खोकी होती. डावीकडच्या खोक्यात सातआठच काडतुसं उरलेली. उजवीकडचं गच्च भरलेलं. मी अक्कल चालवली: भरलेल्या खोक्यातलं एक गेलं तर कुणाच्या लक्षात येतंय? उचललं, पदरात घेतलं आणि थेट न्हाणीघर गाठलं.

काडतूस कसं फोडतात हे मॅट्रिकला नव्हतं. न्हाणीघरात मी दोन बादल्या पाणी भरून घेतलं, अंगावर एक ओला टॉवेल गुंडाळला, तोंड भिंतीकडं फिरवलं, डोळे मिटले आणि अडकित्त्यानं काडतुसाचं पुढचं टोक सुपारीसारखं कातरलं. मेलेच तर निदान ओली मरेन, एवढी एक समजूत होती. स्फोट झाला नाही. आतनं एक पुठ्ठ्याची चकती निघाली आणि तिच्यामागनं नऊ छर्रे माझ्या ओंजळीत घरंगळले. चांगले वाटाण्याएवढे, गोल गरगरीत, जड. मला फार आवडले. छर्रा केवढा असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शिकाऱ्यांच्या घरात ते सांगायचं कुणाला सुचत नाही. उरलेलं काडतूस मी बादलीत बुडवून मागच्या उकिरड्यात पुरलं.

मग मी खऱ्या कामाला लागले. आठ छर्रे तितराच्या काळजाच्या रक्तात लोळवले, पिसाच्या दोनचार काड्या त्यांना चिकटवल्या आणि वाटीत टाकले. नववा हातात राहिला, तेव्हा मला रावसाहेबांचं ते वाक्य आठवलं. शिकार खरी ठरायचीच असेल तर पुरावा पाहुण्याच्याच दाताखाली का येऊ नये? एका तितराची छाती निवडली, दाभणानं खोल भोक पाडलं, छर्रा अंगठ्यानं आत दाबला आणि ओळख पटावी म्हणून त्या तुकड्यात एक लवंग टोचून ठेवली. तेव्हा मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की मी मसाला वाटताना गाणंही म्हटलं.

रावसाहेब बाराच्या ठोक्याला आले. उंच, वाळलेले, पांढऱ्या मिशा, आणि खांद्याला ती रिकामी गवसणी. गोदामावशी, म्हणजे आत्याबाईंची धाकटी बहीण, गुडघे धरल्यामुळं आल्या नव्हत्या. रावसाहेबांनी गवसणी ओसरीवरच्या खुंटीला, आमच्या बंदुकीच्या अगदी शेजारी अडकवली.

"जागा करून ठेवलीय तिच्यासाठी," ते बंदुकीकडं बघत म्हणाले.

"तुमची गवसणी फाटायला आली नेऊन आणून," मामंजी म्हणाले. दोघं हसले आणि हात धुवायला गेले.

पाट मांडले. बाजरीच्या भाकरी, तितराचं सुकं, रस्सा, कांदा. रिवाज असा की आधी वाटी. जिनं छर्रे काढले तिनंच ती आणायची. मी पदर सावरून वाटी मामंजींच्या पानाशेजारी ठेवली आणि दाराआड जाऊन उभी राहिले. आत्याबाई माझ्यामागं येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी डाव्या हातानं माझा दंड धरला होता. वाटीत काहीतरी वाजलेलं ऐकून त्यांनी सोडलेला श्वास माझ्या मानेला लागला.

छर्रे मोजायचे ते मारणाऱ्यानं, एकेक उचलून, मोठ्यानं. मामंजींनी वाटीत दोन बोटं घातली. पहिला छर्रा उचलला आणि त्यांचा हात थांबला. ते तो छर्रा चिमटीत फिरवत राहिले. बघत नव्हते, नुसते फिरवत होते. मग त्यांनी मान वळवून माजघराच्या दाराकडं पाहिलं. मी भिंतीत जाता येईल तेवढी गेले.

"एक," ते म्हणाले. "दोन." आणि मग एका दमात, कुणी मधे बोलू नये अशा वेगानं, आठपर्यंत.

"सहा तितरांत आठ," रावसाहेब म्हणाले. "नेम बारीक आहे अजून." त्यांनी वाटी आपल्याकडं ओढून घेतली नाही. नियमानं त्यांना ती बघायचा हक्क होता. पण ते भाकरीच कुस्करायला लागले. माझा जीव भांड्यात पडला. वाढायला मी पुढं झाले, आणि लवंगेचा तुकडा बरोबर रावसाहेबांच्या पानात ठेवला.

रावसाहेबांनी चौथा की पाचवा घास घेतला आणि ओसरीवर बसलेल्या गड्यालाही ऐकू जाईल असा एक कडाक्याचा आवाज झाला.

रावसाहेब चावायचे थांबले. डोळे मिटले. मग सावकाश त्यांनी तोंडातून आधी अर्धा दात काढला आणि पानाच्या कडेला ठेवला. त्यानंतर छर्रा काढला. तो त्यांनी तांब्यातल्या पाण्यानं धुतला, पंच्याला पुसला आणि खिडकीतनं येणाऱ्या उन्हात धरला. वाटाण्याएवढा. धुतल्यावर तर तो जरा मोठाच दिसत होता. माझा दंड धरलेली आत्याबाईंची बोटं एकदम इतकी रुतली की मी ओरडणारच होते.

मामंजी आपल्या भाकरीकडं बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते.

"आबा," रावसाहेब शेवटी म्हणाले, "शिकार खरी आहे." आणि त्यांनी तो छर्रा वाटीत टाकला. "नऊ."

मग ते दुसऱ्या बाजूनं चावून जेवले. रस्सा दोनदा मागून घेतला.

पुरुष उठून पान खायला ओसरीवर गेले, तेव्हा आत्याबाईंनी मला स्वयंपाकघरात ओढलं, वाटी चुलीजवळच्या उजेडात धरली आणि मटकन खाली बसल्या. मला वाटलं चक्कर आली. त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता आणि त्या हसत होत्या की रडत होत्या ते मला कळेना. दोन्ही असावं.

"हे डुकराचे," त्या म्हणाल्या. "अगं बये, हे रानडुकराचे छर्रे. यातला एक लागला ना तितराला, तर पिसं गोळा करायला माण नदीपर्यंत जावं लागेल. नऊ घातलेस."

मी म्हणाले, भरलेल्या खोक्यातलं घेतलं, कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून.

"डावीकडच्या खोक्यात कमी का असतील वाटतं तुला?" त्या म्हणाल्या. मग हसू थांबलं आणि त्यांनी दुखऱ्या हाताकडं बघत सगळं सांगितलं. मामंजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. पाच वर्षांपूर्वी त्यांनी झुडूप समजून गावातल्या कोंडिबाच्या घोंगड्यावर नेम धरला होता. घोंगड्यात कोंडिबा होता. तो ओरडला म्हणून वाचला. त्या दिवसापासून मामंजींनी कुठल्या जिवावर बंदूक रोखली नाही. पैजेच्या दिवशी माळावरचा रंगा फासेवाला त्यांना तितर आणून द्यायचा आणि ते आभाळात चार बार काढून घरी यायचे. हे त्यांनी बायकोला सांगितलं नाही. तिनं पहिल्याच वर्षी पिसं काढताना ओळखलं, आणि तिनंही विचारलं नाही. दार लावून घेतलं, डावीकडच्या खोक्यातलं एक काडतूस कातरलं आणि वाटी भरून बाहेर आणली.

"त्यांना ठाऊक आहे तुम्ही घालता ते?" मी विचारलं.

"छर्रे नसलेल्या तितरातनं छर्रे निघतात, तर कुणीतरी घालतंच की. पण ते बोलले नाहीत, मी बोलले नाही. नवऱ्याचं असलं काही सुनेला कसं सांगू? म्हणून तुला म्हटलं, डोकं चालव. तू फारच चालवलंस." त्यांनी डोळे पुसले. "आता रावसाहेब काय करतात बघायचं. त्यांना कळलं नसेल असं नाही. चाळीस वर्षं शिकारच केलीय त्या माणसानं."

ओसरीवर गवसणी आणि बंदूक शेजारी शेजारी टांगलेली होती. माझ्यामुळं आता एक दुसरीत जाणार. मी दारातनं पाहिलं तर रावसाहेब उठले होते आणि खुंटीकडं हात केला होता. मामंजी खाटेवर ताठ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. आपली बंदूक जाताना बघायची नाही म्हणून की काय, त्यांनी तोंड रस्त्याकडं केलं होतं.

रावसाहेबांनी गवसणी काढली. रिकामीच खांद्याला अडकवली. मामंजींच्या पाठीवर एक थाप मारली आणि म्हणाले, "येतो. पुढच्या साली आमच्याकडं." मग जीपकडं जाता जाता त्यांनी मला हाक मारली. सूनबाई, गोदासाठी थोडं सुकं बांधून द्या म्हणाले.

मी डबा घेऊन जीपपाशी गेले. त्यांनी डबा घेतला, मांडीवर ठेवला आणि ओसरीपर्यंत जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "सूनबाई, तितराला सहा नंबरचा छर्रा लागतो. बाजरीच्या दाण्याएवढा. हा डुकराचा होता."

मी विचारलं, "मग आपण बोलला का नाहीत? बंदूक आपली झाली असती."

"झाली असती की." त्यांनी जिभेनं तुटलेला दात चाचपला. "पण मग पुढं संक्रांतीला जेवायला कुणाकडं येऊ? मला साडू एकच आहे." जीप सुरू केली आणि पुन्हा बंद केली. "आबांची नजर गेलीय हे मला दोन सालं ठाऊक आहे. पण त्यांना कळू द्यायचं नाही हं. त्यांना वाटतं आपण लपवलंय. फार मानी माणूस आहे."

जीप धुरळा उडवत गेली. मी परत आले तर मामंजी ओसरीच्या पायरीवर उभे होते. आवाजाच्या रोखानं त्यांनी माझ्याकडं तोंड केलं.

"काय म्हणत होते रावसाहेब?"

"मसाला चांगला जमलाय म्हणाले."

"हं," ते म्हणाले. मी आत जायला निघाले तसं त्यांनी हातानं थांबवलं. आत्याबाईंच्या कानावर जाऊ नये म्हणून असेल, एक पायरी खाली उतरले.

"पुढच्या साली त्यांच्याकडं जायचंय. तू चल आमच्याबरोबर. आदल्या दिवशीच चल."

"बरं, मामंजी."

"रावसाहेबांचे हात कापतात. तीन सालं झाली, बंदूक उचलवत नाही त्यांना. गोदाला आता बारीक दिसत नाही, एकटी किती करणार ती? तिला हाताशी कुणीतरी हवं. डावीकडच्या खोक्यातलं एक काडतूस बरोबर ने." ते वळले, आणि पायरीवर चाचपत पाय टाकता टाकता म्हणाले, "पण त्यांना काही कळू देऊ नकोस. त्यांना वाटतं, मला ठाऊक नाही."